आठ वेळा सॉरी

"काय झालं होतं ते तुझ्या शब्दांत सांग, बाळा," मोठ्या बाईंनी तिसऱ्यांदा विचारलं आणि हातातल्या छापील कार्डावरचा पहिला प्रश्न बोटानं दाखवला. प्रश्न ऐकू आला नसेल, निदान दिसेल तरी, असा त्यांचा हिशेब असावा.

छकुली खुर्चीत पुढे-मागे झुलत होती. वाचनालयातली टेबलं भिंतीला सारून अकरा खुर्च्यांचा गोल केला होता, आणि त्यातले दहा जण तिच्याकडे बघत होते. तेरा वर्षांची पोर, अंगानं थोराड, आईच्या डोक्यावर चार बोटं गेलेली. लाडाचं नाव मात्र अजून छकुलीच. ती बोलायची पंचवीस-तीस शब्द, तेही माणूस ओळखीचा असला आणि आजूबाजूला शांतता असली तर. इथे डोक्यावरचा पंखा खडखडत होता आणि बाईंचा आवाज प्रत्येक वेळी थोडा अधिक गोड होत होता. छकुलीला गोड आवाजाची भीती वाटायची. दवाखान्यात सुई टोचायच्या आधी असाच आवाज काढतात.

तिच्या शेजारी तिची आई मांडीवर पिशवी घट्ट धरून बसली होती. समोर गणिताचे सर होते. त्यांचा उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये होता.

मावशी पाण्याचा जग घेऊन दारात उभी होती. खुर्च्या तिनंच मांडल्या होत्या. मदतनीस म्हणून शाळेत एकोणीस वर्षं, त्यातली सहा या पोरीच्या सावलीसारखी. पण तिच्यासाठी खुर्ची लावायला कोणी सांगितलं नव्हतं, आणि तिनंही लावली नव्हती.

"बरं, दुसरा प्रश्न घेऊ या. सरांना ढकललंस तेव्हा तुझ्या मनात काय चाललं होतं?"

"सॉरी," छकुली म्हणाली.

सगळ्यांच्या चेहऱ्यावर उजेड पडला. "काय म्हणालीस, बाळा?"

"सॉरी. सॉरी. सॉरी." नजर जमिनीवर, झुलणं वाढलेलं. "सॉरी. सॉरी. सॉरी. सॉरी."

मावशीनं मोजले. आठ झाले. आठही एका सुरात, एका मापाचे. माणसं अंगावर यायला लागली की हा शब्द फेकायचा, म्हणजे ती थांबतात, एवढं छकुली शाळेत नक्की शिकली होती. अंगावर येणाऱ्या कुत्र्यापुढे तुकडा फेकावा तसा ती तो फेकत होती.

"किती छान!" मोठ्या बाई म्हणाल्या. कोणीतरी टाळी वाजवली. मग इतरांनीही वाजवली. टाळ्यांच्या आवाजानं छकुलीनं दोन्ही हात कानांवर दाबले, आणि त्याकडे कोणाचंही लक्ष गेलं नाही.

मग बाईंनी कागद वाचला. सर्वांच्या संमतीनं असं ठरत होतं, की छकुली स्थिर होईपर्यंत तिनं सकाळी अकरापर्यंतच शाळेत थांबावं.

"अकरा?" आई पहिल्यांदाच बोलली. "बाई, माझी लॉन्ड्रीतली पाळी दोनला सुटते. मी अकराला कशी येणार?"

"तात्पुरतं आहे हो. आणि तिच्याच भल्यासाठी आहे."

आईनं सगळ्या चेहऱ्यांवरून नजर फिरवली. शेवटी ती दारात मावशीवर येऊन थांबली. मावशीनं जगातल्या पाण्याकडे बघितलं. इतरांच्या सह्यांखाली आईनं सही केली.

मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली ती तेव्हा. पण खरं सांगायचं, तर आगीतला अर्धा जाळ तिच्या स्वतःवरचाच होता.

शिक्षकांच्या खोलीत तिला पाठीमागे 'करवत' म्हणायचे. जिभेला धार होती. नवरा गेल्यावर एकटीनं मुलीला वाढवून मार्गी लावलं होतं, गुडघे कुरकुरत होते, निवृत्तीला चार वर्षं उरली होती, आणि फळा पुसायला लावणाऱ्या नव्या शिक्षकाला "माझं काम पोरं सांभाळायचं, भिंती नाही," असं तोंडावर सांगायला ती कचरत नसे. आणि नेमकी त्या दिवशी करवत बोथट निघाली.

सलोखा-वर्तुळ मुळात वाईट नव्हतं, हे ती स्वतःच सांगायची. मोठ्या बाई तीन दिवसांचं शिबिर करून आल्या आणि शिक्षेऐवजी गोल बसून बोलायची पद्धत सुरू केली. काय झालं, कोणाला लागलं, आता नीट कसं करायचं. वरच्या वर्गातल्या दोन मुली वर्षभर एकमेकींचं तोंड बघत नव्हत्या. त्या गोलात बसून रडल्या आणि एका बाकावर बसायला लागल्या. मावशीनं ते डोळ्यांनी बघितलं होतं. पण पायरी चढता येणाऱ्याला जिना चांगलाच असतो. ज्याला चढता येत नाही त्याला जिन्याच्या तळाशी उभं करून "ये की वर" म्हणायचं, आणि आला नाही तर घरी पाठवायचं, याला सलोखा म्हणतात का?

छकुलीनं सरांना ढकललं त्या दिवशी काय झालं होतं तेही मावशीला पक्कं ठाऊक होतं. शाळेत पाहुणे यायचे होते, तेही हेच वर्तुळ बघायला. आग लागली तर काय करायचं याची तालीमही त्यांच्यासमोर घ्यायचं ठरलं होतं. छकुलीच्या वर्गशिक्षिका रजेवर होत्या, म्हणून बदली तासाला गणिताचे सर आले. आणि भोंगा वाजायच्या वीस मिनिटं आधी मोठ्या बाईंनी मावशीला निरोप पाठवला: हॉलमध्ये चहा आणि खुर्च्यांचं बघा.

"भोंगा आहे आज," मावशी म्हणाली होती. "पोरीपाशी थांबायला हवं."

"सर आहेत ना वर्गात. दहा मिनिटांचा तर प्रश्न आहे."

मावशी गेली. कप मांडत असताना भोंगा वाजला.

ऑफिसातल्या कपाटात छकुलीची फाइल होती. तिच्या पहिल्याच पानावर मावशीनं सांगून लिहवून घेतलेल्या चार ओळी होत्या. भोंग्याआधी सांगावं. कान झाकायचे हेडफोन द्यावेत. समोरून यावं, चित्र दाखवावं. मागून हात लावू नये. सरांना ती फाइल कोणी दाखवली नव्हती. भोंगा वाजला तशी पोर टेबलाखाली शिरली. सर घाईनं मागून गेले आणि खांद्याला धरून तिला बाहेर ओढायला लागले. तिनं दोन्ही हातांनी त्यांना लोटलं. ते बाकावर पडले आणि मनगटाचं हाड मोडलं.

वर्तुळ उठल्यावर मावशी सरळ मोठ्या बाईंच्या खोलीत गेली. जग हातातच होता.

"बाई, हे काय केलंत?"

"बसा, मावशी. छान झालं ना? मला वाटलं नव्हतं ती बोलेल."

"ती बोलली नाही. ती घाबरली. सॉरी म्हणजे काय हे तिला विचारा, सांगेल का?"

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्या वाईट बाई नव्हत्या. दोन शाळांचं काम एकटीच्या गळ्यात पडलेलं, डोळ्यांखाली काळं झालेलं. "एका शिक्षकाचा हात मोडलाय. पालक विचारतात, उद्या आमच्या मुलाला ढकललं तर? मी तिला काढून टाकलं असतं तर चाललं असतं? मी सलोख्याचा मार्ग काढला."

"सलोखा दोन बाजूंचा असतो. तिला कोणाचं सॉरी मिळालं? फाइल कपाटात कोणी ठेवली? मला हॉलमध्ये कोणी पाठवलं?"

बाईंनी चष्मा परत चढवला. "तुम्ही नाही म्हणायचं होतं."

मावशीच्या हातातला जग हिंदकळला आणि पाणी टेबलावरच्या कागदांवर सांडलं. ते पुसायला ती थांबली नाही.

दुसऱ्या दिवशी अकराला तिनं छकुलीला फाटकापाशी आणलं. आई लॉन्ड्रीतून धावत आलेली, कपाळावर केस चिकटलेले, अंगाला वाफेचा वास.

"जरा थांबा," मावशी म्हणाली. "काल मी..."

"काल तुम्ही दारात होतात." आईचा आवाज चढला नाही, पण प्रत्येक शब्द दगडासारखा पडला. "सगळं तुम्हाला माहीत होतं. एरवी शाळा डोक्यावर घेता. काल तोंड काय जगात बुडवून ठेवलं होतंत?"

"माझं चुकलं."

"मग तुम्हीही म्हणा आठ वेळा. टाळ्या मी वाजवते."

तिनं पोरीचं दप्तर घेतलं आणि दोघी निघून गेल्या. मावशी फाटकाला धरून उभी राहिली. रखवालदारानं विचारलं, "काय झालं, मावशी?" ती म्हणाली, "काही नाही. बरोबर बोलली ती."

दुपारी ती शिक्षकांच्या खोलीत गेली. गणिताचे सर डाव्या हातानं वह्या तपासत होते; बरोबरच्या खुणासुद्धा गांडुळासारख्या वळवळत होत्या. सव्वीस वर्षांचा तरुण माणूस, नोकरीचं पहिलंच वर्ष. मावशी भांडायच्या तयारीनंच गेली होती. पण तिनं तोंड उघडायच्या आत तेच म्हणाले, "मावशी, काल ती मला सॉरी म्हणाली ना, तेव्हापासून मला जास्तच वाईट वाटतंय."

"का बरं?"

"मला सॉरी नकोच होतं. तिनं मला का ढकललं, एवढंच मला कळून घ्यायचं होतं. मी तिचं काय वाकडं केलं होतं? मी तिला वाचवायलाच जात होतो ना?"

मावशीनं खुर्ची ओढली आणि न विचारता बसली. फाइलचं पहिलं पान तिला तोंडपाठ होतं. तिनं चारही ओळी म्हणून दाखवल्या. चौथी ऐकल्यावर सरांनी पेन खाली ठेवलं.

"मला हे कोणी सांगितलंच नाही."

"नाही सांगितलं. त्यात मीही आले."

"आता काय करायचं?"

"वर्तुळच करायचं," मावशी म्हणाली. "पण पोरीला बसता येईल असं."

त्याला नऊ दिवस लागले. आधी सर रोज सकाळी वर्गाच्या दारात येऊन फक्त उभे राहायचे, समोरून दिसतील असे, दोन मिनिटं, आणि जायचे. पहिल्या दिवशी छकुली टेबलाखाली गेली. चौथ्या दिवशी गेली नाही. सहाव्या दिवशी तिनं प्लास्टरकडे बराच वेळ बघितलं. दरम्यान मावशीनं पुठ्ठ्यावर चित्रं काढली. चित्रकलेच्या नावानं तिचा आनंदच होता, सर म्हणाले, "हा भोंगा आहे की फ्लॉवर?" ती म्हणाली, "तुमच्या डाव्या हाताच्या अक्षरापेक्षा बरा आहे." भोंगा, टेबल, हात, सर, छकुली, एक लाल चेहरा, एक रडका, एक शांत. माणसांसाठी तिनं शाळेच्या जुन्या फोटोंतले चेहरे कापून चिकटवले. स्वतःचाही चिकटवला.

दहाव्या दिवशी, सकाळी सगळे मैदानावर असताना, ते तिघं त्याच वर्गात जमिनीवर बसले. खुर्च्या नाहीत, पंखा बंद. गोड आवाजही नाही. मावशीनं चित्रं पसरली आणि गप्प राहिली. गप्प राहणं तिला कधी जमलेलं नव्हतं; त्या दिवशी तिनं दातांखाली ओठ धरला.

बराच वेळ छकुली नुसती झुलत होती. मग तिनं भोंगा उचलला आणि मधोमध ठेवला. त्याच्या शेजारी टेबल. टेबलाखाली स्वतःचा चेहरा, पालथा. मग हात. तो तिनं पालथ्या चेहऱ्याच्या मागे ठेवला आणि त्यावर लाल चेहरा इतक्या जोरात आपटला की सर दचकले.

"मी मागून हात लावला," सर हळू म्हणाले. "तुला दिसलो नाही मी. तू घाबरलीस. चूक माझी."

छकुलीनं त्यांच्याकडे बघितलं नाही. ती चित्रांत काहीतरी शोधत होती. सापडलं. मावशीचा फोटो. तो तिनं हातात धरला, चित्रांच्या ओळीपाशी नेला, आणि मग उठून पार दाराजवळ जाऊन उंबऱ्याबाहेर ठेवून आली.

"मावशी नाही," ती म्हणाली.

दोनच शब्द. मावशीला वाटलं, कानफटात बसली असती तर बरं झालं असतं. सहा वर्षांत या पोरीनं तिला विचारलेला हा पहिला जाब होता.

"नव्हती," मावशी म्हणाली. तिनं डोळे पुसले नाहीत. पोर रडण्याला भ्यायची. "मावशी गेली होती. भोंगा वाजणार माहीत होतं, तरी गेली. परत असं सांगितलं, तर मावशी जाणार नाही."

छकुली पुन्हा झुलायला लागली, पण हळू. तिला सॉरी म्हणायला कोणी सांगितलं नाही. मैदानावरची घंटा झाली, सर उठले आणि डाव्या हातानं टेबलावरचा वह्यांचा गठ्ठा उचलायला लागले. वरच्या चार वह्या घसरून पडल्या. छकुलीनं त्या उचलल्या. मग त्यांच्या हातातला सगळा गठ्ठाच काढून घेतला, छातीशी धरला आणि दारातून चालायला लागली. शिक्षकांची खोली कुठे आहे ते तिला माहीत होतं. गठ्ठा टेबलावर आपटून ती परत आली आणि आपल्या जागेवर बसली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. प्लास्टर निघेपर्यंत सरांना तिनं एकही वही उचलू दिली नाही.

सरांनी त्या चित्रांच्या दिवशीच डाव्या हातानं दोन पानं लिहिली: मला काय सांगितलं गेलं नव्हतं, मी काय केलं, आणि मुलीनं काय सांगितलं. ती मोठ्या बाईंच्या टेबलावर ठेवून म्हणाले, "घडलेल्या प्रकाराबद्दल माझी सही फक्त या कागदावर असेल. आधीच्या कागदावरची मी काढून घेतोय." नवखा माणूस, पण पाय रोवून उभा राहिला. बाईंनी दोन दिवस विचार केला आणि अकराचा नियम रद्द केला.

मावशीनं ही बातमी फाटकापाशी सांगितली, तेव्हा छकुलीची आई धावत आलेली नव्हती. ती आधीच येऊन भिंतीला टेकून उभी होती.

"नियम गेला. उद्यापासून दोनपर्यंत."

"बरं."

"तुमची पाळी..."

"पाळी गेली, मावशी. परवाच गेली. रोज साडेदहाला इस्त्री टाकून पळणारी बाई कोण ठेवून घेईल? दुसरी आणली त्यांनी. बारा वर्षं उभी होते मी त्या टेबलाशी." ती हसली, पण ते हसू बघवेना. "आता शेजारपाजारचे कपडे आणून घरीच करते."

त्या दिवशी मावशी मोठ्या बाईंच्या खोलीत दार न ठोठावता गेली.

"तिची नोकरी गेली."

बाईंनी मान वर केली. सांगितल्यावर त्या खरंच हळहळल्या. "अरेरे. फार वाईट झालं. पण मावशी, ते शाळेच्या कक्षेत येत नाही."

"कक्षा!" मावशी टेबलावर दोन्ही हात टेकून वाकली. "तेरा वर्षांच्या मुक्या पोरीला अकरा माणसांत बसवून तुम्ही विचारलंत, कोणाला लागलं, आता नीट कसं करणार. तिला विचारता येतं. मला विचारलं तिनं, मी उत्तर दिलं. सरांनी दिलं. या शाळेत त्या प्रश्नांची उत्तरं न दिलेलं एकच माणूस उरलंय."

"तुम्ही कोणाशी बोलताय ते लक्षात आहे ना?"

"आहे. म्हणून तर एवढं सभ्य बोलतेय. काढायचं तर काढा मला. चार वर्षं राहिलीत, राहिली नाहीत तरी चालेल."

बाईंनी तिला काढलं नाही. आठवडाभर बोलल्याही नाहीत. मावशीचा राग त्या आठवड्यात जराही उतरला नाही; ती मुलांची नाकं पुसताना रागात होती, बुटांच्या नाड्या बांधताना रागात होती. छकुली मात्र रोज आठला यायची, दोनला जायची. उंबऱ्यापाशी ठेवलेला मावशीचा फोटो तिनं उचलला नव्हता. मावशीनंही उचलला नाही. तो पोरीनं उचलायचा होता.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर मोठ्या बाई पर्स घेऊन मावशीपाशी येऊन उभ्या राहिल्या.

"त्यांचं घर तुम्हाला माहीत आहे ना?"

"आहे. कार्ड आणू नका."

दोघी चालत गेल्या. तळमजल्यावरची एक खोली, दार उघडं, दाराशी धुतलेल्या कपड्यांची गाठोडी. आई टेबलावर इस्त्री करत होती. आत कॉटवर छकुली बटणांचे शर्ट वेगळे काढत होती. आईनं दोघींकडे बघितलं, "या" म्हणाली, आणि पायानं एक स्टूल पुढे सरकवलं. स्टूल एकच होतं. मावशी दारात उभी राहिली.

मोठ्या बाई बसल्या. स्टूल बुटकं होतं, त्यांचे गुडघे वर आले. त्यांनी पर्स मांडीवर ठेवली, मग खाली ठेवली.

"मावशी त्या दिवशी थांबते म्हणाल्या होत्या," त्या म्हणाल्या. "मी त्यांना पाठवलं. पाहुण्यांच्या चहासाठी. फाइल सरांना द्यायची होती, ती मी दिली नाही. मग मी तुमच्या मुलीला सगळ्यांसमोर बसवलं, आणि तुम्हाला सही करायला लावली. तुमची नोकरी माझ्यामुळे गेली." त्यांचा आवाज गोड नव्हता. थोडा फाटलेला होता. "लॉन्ड्रीच्या मालकांना मी काल भेटले. ते नाही म्हणाले. शाळेत काही काम निघतंय का बघतेय, पण आज माझ्या हातात काही नाही. चूक माझी होती, एवढंच सांगायला आले."

आईची इस्त्री चालू होती. बाहीवरून कफापर्यंत, परत बाहीवरून. मोठ्या बाई थांबल्या होत्या. अशा वेळी समोरचं माणूस 'असू दे' म्हणतं, 'जाऊ दे हो' म्हणतं, चहा टाकतं. मावशीलाही सवयीनं वाटलं, आता ती म्हणेल.

आईनं इस्त्री उभी केली.

"ऐकलं," ती म्हणाली.

मग तिनं शर्टाची घडी घातली, ती गठ्ठ्यावर ठेवली, पुढचा शर्ट उचलून झटकला आणि टेबलावर पसरून त्याच्या कॉलरवर पाणी शिंपडलं.